विश्लेषण : चमचाभर जागेचा वाद! ‘स्टॉक कार’ शर्यतींत इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजतात कसे?

अमेरिकेतील लहान गावांच्या वेशीवर मातीचे किंवा डांबराचे लंबगोल ट्रॅक असतात, घेर जेमतेम पाव ते अर्धा मैल. वसंत ऋतू सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत बहुतेक शनिवारी रात्री तिथे ‘स्टॉक कार’ धावतात. चालवणारे व्यावसायिक नसतात. आठवडाभर गॅरेजमध्ये, शेतावर किंवा कारखान्यात राबणारी ही माणसे घरामागच्या शेडमध्ये स्वतः गाडी बांधतात आणि खर्चाच्या मानाने किरकोळ बक्षिसासाठी जिवाचे रान करतात. शर्यत संपली की पहिल्या काही गाड्या थेट तपासणीच्या जागी नेल्या जातात. वाद पेटतो तो तिथे. जिंकलेले इंजिन नियमात बसणारे आहे का? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा एका आकड्यावर अवलंबून असते, तो म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. हा आकडा नियमपुस्तिकेत लिहिणे सोपे आहे. रात्री अकरा वाजता, तापलेले इंजिन न उघडता तो मोजणे मात्र कठीण आहे.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे नेमके काय?

पिस्टन सिलिंडरमध्ये सर्वांत खाली असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला पिस्टन सर्वांत वर आल्यावर उरलेल्या जागेने भागले की कॉम्प्रेशन रेशो मिळतो. ९:१ याचा अर्थ हवा आणि इंधनाचे मिश्रण नऊपट कमी जागेत कोंबले जाते.

हौशी शर्यतींत सर्वाधिक दिसणारे इंजिन म्हणजे शेव्हर्लेचे ३५० घनइंचाचे व्ही-८. १९६७ मध्ये आलेले हे इंजिन पुढे अनेक दशके मोटारी आणि पिकअप ट्रकमध्ये बसत होते. त्यामुळे भंगारवाल्याकडेही ते सहज मिळत असे आणि त्याचीच शर्यत सुरू झाली. सिलिंडरचा व्यास ४ इंच आणि पिस्टनचा प्रवास ३.४८ इंच. दुचाकीवाल्यांच्या परिचित भाषेत सांगायचे तर साधारण ५,७३३ सीसी, म्हणजे आठपैकी प्रत्येक सिलिंडरला ७१६.६ सीसी.

आता गणित पाहा. ९:१ साठी पिस्टन वर आल्यावर ८९.६ सीसी जागा उरायला हवी. ९.५:१ साठी ८४.३ सीसी. दोन्हींतला फरक ५.३ सीसी, म्हणजे औषध घेण्याच्या लहान चमच्याएवढा. मर्यादा ९:१ असलेल्या गटात या चमच्याने निकाल फिरतो.

अर्ध्या अंकाने एवढा काय फरक पडतो?

ऑटो सायकलच्या आदर्श सूत्रानुसार ९:१ ला इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता ५८.५ टक्के येते, तर ९.५:१ ला ५९.४ टक्के. प्रत्यक्ष इंजिनाची कार्यक्षमता याहून बरीच कमी असते, पण दोन्हींतले प्रमाण साधारण तेच राहते. म्हणजे ताकद सुमारे दीड टक्क्याने वाढते. ३५० अश्वशक्तीच्या इंजिनात ती पाचेक अश्वशक्ती झाली. चिखलाच्या ट्रॅकवर चांगला टायर किंवा चांगला चालक याहून जास्त फरक पाडतो.

मग नियम हवाच कशाला? कारण या नियमाचा संबंध वेगापेक्षा खिशाशी जास्त आहे. कॉम्प्रेशन वाढले की साध्या पंपावरच्या पेट्रोलवर इंजिन ‘नॉकिंग’ करू लागते. मग जास्त ऑक्टेनचे महागडे रेसिंग इंधन आले. साधे ओतीव पिस्टन टिकत नाहीत, मग फोर्ज केलेले पिस्टन आले. कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, हेडचे बोल्ट असे एकामागून एक सारेच बदलत जाते आणि इंजिन पुन्हा बांधण्याची वेळही लवकर येते. एकाने हे केले की पाच जणांना करावे लागते आणि उरलेले पुढच्या हंगामात गाडी विकून टाकतात. गाड्या कमी झाल्या की प्रेक्षक कमी, प्रेक्षक कमी झाले की ट्रॅक बंद. कॉम्प्रेशनची मर्यादा हा या साखळीला घातलेला बांध आहे.

मात्र शनिवारी रात्री एक तपासनीस तासाभरात जे तपासू शकत नाही, ते नियमपुस्तिकेत असून नसल्यासारखे. हौशी शर्यतींच्या इंजिन नियमांचा गेल्या काही दशकांतला प्रवास याच अडचणीतून घडला आहे.

ही जागा कमी करतात कशी?

सर्वांत सोपा मार्ग हेडचा. या इंजिनाची कारखान्यातूनच दोन प्रकारची हेड निघत. काहींच्या पोकळीची जागा ७६ सीसी, तर काहींची ६४ सीसी. बाकी सारे तेच ठेवून ९:१ च्या इंजिनावरचे ७६ चे हेड काढून ६४ चे बसवले, तर आकडा थेट १०.२ वर जातो. बसवलेल्या अवस्थेत वरवर पाहता फरक कळत नाही. म्हणून तपासनीस आधी हेडवरचा ओतीव क्रमांक बघतात. आणि म्हणूनच काही कारागिरांकडे हे क्रमांक घासून बदलण्याचे कसबही असते.

दुसरा मार्ग फेसिंगचा. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये हेड वाकले की ते मशीनवर घासून सपाट करतात. तेच काम गरजेपेक्षा जास्त केले की पोकळी उथळ होते. तिसरा मार्ग गॅस्केटचा आणि तो सर्वांत स्वस्त. या इंजिनात गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरने पातळ घेतले तरी सुमारे ४ सीसी जागा कमी होते.

काही वाढ तर नियमानेच होते. जुना ब्लॉक झिजला की सिलिंडर बोअर करावा लागतो आणि बहुतेक गटांत ०.०३० इंचापर्यंत बोअर करायला परवानगी असते. एवढ्याने एका सिलिंडरचे आकारमान ७२७.४ सीसी होते. वरची जागा तीच राहिली, तर ९:१ चे इंजिन आपोआप ९.१२:१ होते. प्रामाणिकपणे जुने इंजिन दुरुस्त करणाराही असा नियमाबाहेर जाऊ शकतो.

साधा कॉम्प्रेशन गेज का चालत नाही?

‘गाडीचे कॉम्प्रेशन गेले’ असे मेकॅनिक म्हणतो, तेव्हा तो दाबाबद्दल बोलत असतो. स्पार्क प्लग काढून त्या जागी गेज लावायचा, स्टार्टरने इंजिन फिरवायचे आणि काटा किती वर जातो ते बघायचे. इंजिनाची तब्येत कळायला ही चाचणी उत्तम आहे. रेशो ठरवायला मात्र ती जवळजवळ निरुपयोगी आहे.

कारण काट्यावर दिसतो तो दाब आणि दाब अनेक गोष्टींवर अवलंबून असतो. बॅटरी कमकुवत असेल तर इंजिन हळू फिरते आणि आकडा पडतो. रिंगा झिजल्या असतील तर पडतो. सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकले तर वाढतो. डेन्व्हरसारख्या सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या शहरात हवेचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी असतो. तेच इंजिन तिथे ‘सभ्य’ दिसेल.

सर्वांत मोठी गफलत कॅमशाफ्टमुळे होते. रेसिंग कॅम हवा आत घेणारा वॉल्व उशिरा बंद करतो. इंजिन वेगात असताना त्याचा फायदा होतो, पण स्टार्टरच्या मंद गतीला आत आलेली हवा पुन्हा बाहेर ढकलली जाते आणि दाब कमी दिसतो. म्हणजे ११:१ चे महागडे इंजिन मोठ्या कॅममुळे गेजवर निष्पाप ठरू शकते आणि मूळ कॅम असलेले साधे ९:१ चे इंजिन जास्त दाब दाखवून अडकू शकते. ज्याला संरक्षण द्यायचे त्यालाच नियम दंड करतो. काही गटांनी कॅमला आवर घालायला ठरावीक आरपीएमवर इंजिनाचा व्हॅक्यूम मोजण्याची अट घातली, तिचे कारण हेच.

मग रेशो मोजायचा कसा?

जुनी आणि समजायला सोपी पद्धत द्रवाची. त्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर आणायचा, दोन्ही वॉल्व बंद आहेत याची खात्री करायची आणि प्रयोगशाळेतल्या ब्युरेटने प्लगच्या छिद्रातून पातळ ऑइल सोडायचे. छिद्र काठोकाठ भरले की किती सीसी गेले ते वाचायचे आणि प्लगच्या छिद्राची जागा वजा करायची. दहावीच्या विज्ञानाला जमेल एवढे सोपे.

अडचण प्रत्यक्षात येते. रिंगांमधून ऑइल खाली झिरपते. समजा २ सीसी झिरपले, तर जागा ८९.६ ऐवजी ९१.६ वाटते आणि ९:१ चे इंजिन ८.८२ दिसते. उलट या व्ही-८ मध्ये प्लगचे छिद्र तिरके असल्याने गाडीची किंवा इंजिनाची ठेवण चुकली, तर वरच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकतो. २ सीसी हवा अडकली तर तेच इंजिन ९.१८ दिसते. एकच इंजिन, एकच रात्र आणि तपासनीसाच्या हातसफाईवर निर्दोष किंवा दोषी. झिरपणारे ऑइल चालकाच्या पथ्यावर पडते, अडकलेली हवा त्याच्या मुळावर येते. त्यामुळे जाणता तपासनीस एकाच मापावर निकाल देत नाही, दुसरा सिलिंडरही तपासतो.

दुसरी पद्धत ध्वनीची. मिशिगनमधील ‘कटेक’ या इंजिन कंपनीचे ‘व्हिसलर’ नावाचे उपकरण त्यासाठी वापरतात. बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की आवाज येतो. बाटलीत पाणी भरत गेले, म्हणजे आतली रिकामी जागा कमी होत गेली, की सूर चढत जातो. प्लगच्या छिद्राला उपकरण जोडून, वायूचा झोत सोडून हीच शिट्टी वाजवायची आणि तिच्या वारंवारतेवरून पोकळीची जागा काढायची. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा प्रवास दिला की रेशो मिळतो. इंजिन उघडावे लागत नाही, ऑइलचा पसारा होत नाही.

पण फरक किती बारीक आहे पाहा. वारंवारता जागेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे ९ आणि ९.५ मधला ५.३ सीसीचा फरक शिट्टीत जेमतेम तीन टक्के दिसतो. हार्मोनियमच्या पांढऱ्या आणि तिला लागून असलेल्या काळ्या पट्टीतल्या अंतराच्या निम्मा. कानाने ओळखणे कठीण, यंत्राला सोपे. तरी एक गोम राहतेच. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. आतला वायू २० अंशांवरून ८० अंशांवर गेला तर वारंवारता जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढते, म्हणजे शोधायच्या फरकाच्या तिप्पट. शर्यतीनंतर लगेच, तापमानाचा विचार न करता घेतलेले माप त्यामुळे कुचकामी असते. शिवाय व्यास आणि पिस्टनचा प्रवास वेगळे मोजावे लागतात. त्यासाठी प्लगच्या छिद्राला जोडून इंजिन फिरवल्यावर किती हवा ढकलली जाते, हे दाखवणारी पंपवजा साधने आहेत. एवढी सगळी सामग्री बाळगणे प्रत्येक गावच्या ट्रॅकला परवडत नाही.

किती चूक माफ?

मापात काहीतरी सूट द्यावीच लागते, पण किती यावर एकमत नाही. हौशी ट्रॅकवरचे वाद क्वचितच नोंदले जातात. व्यावसायिक शर्यतींतली दोन प्रकरणे मात्र या प्रश्नाची धार दाखवतात. ‘नॅसकार’च्या सर्वोच्च कप मालिकेत इंजिनाची मर्यादा ३५८ घनइंच होती. दोन्ही प्रकरणे या क्षमतेची आहेत, कॉम्प्रेशनची नव्हेत. पण मोजणीचा पेच तोच.

ऑक्टोबर १९८३ मध्ये शार्लट येथे रिचर्ड पेटी जिंकला आणि त्याचे इंजिन तब्बल ३८१.९८३ घनइंचाचे निघाले. टायरचा नियमही मोडला होता. ३५ हजार डॉलर दंड झाला, १०४ गुण कापले गेले, पण विजय कायम राहिला. पेटीच्या कारकिर्दीतल्या २०० विजयांत तो आजही मोजला जातो.

मे २००९ मध्ये त्याच शार्लटला कार्ल लाँग या तुटपुंज्या साधनांच्या चालकाचे इंजिन सरावातच बिघडले. ते काढून दुसरे बसवले. काढलेले इंजिन अधिकाऱ्यांनी मोजले, ते ३५८.१७ घनइंचाचे भरले. मर्यादेपेक्षा ०.१७ जास्त. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे सुमारे ०.३५ सीसी, ड्रॉपरचे सात थेंब. संघाच्या क्रू चीफला २ लाख डॉलर दंड झाला आणि लाँगवर १२ शर्यतींची बंदी आली. अपिलात बंदी ८ शर्यतींवर आली, दंड मात्र तसाच राहिला. तो भरता न आल्याने लाँगला कप मालिकेची दारे बंद झाली. तो तिथे परतला तो २०१७ मध्ये.

ओतीव लोखंडाचा एवढ्या क्षमतेचा ब्लॉक फक्त २२ अंशांनी तापला, तरी सिलिंडर प्रसरण पावून ०.१७ घनइंचाचा फरक पडू शकतो. लाँगचे इंजिन चुकीचे मोजले गेले, असा याचा अर्थ नाही. पण एवढ्या सूक्ष्म फरकावर शिक्षा द्यायची, तर कोणत्या तापमानाला, कोणत्या साधनाने आणि किती वेळा मोजले हे नियमात लिहिलेले हवे. गावच्या ट्रॅकच्या पुस्तिकेत ‘कमाल ९:१’ एवढीच ओळ असली, तर प्रत्येक वाद तपासनीसाच्या शब्दावर येऊन थांबतो. ज्या तपासनीसाचा भाऊ किंवा मित्रही त्याच शर्यतीत असू शकतो!

न मोजता नियम पाळून घेता येतो का?

येतो, आणि त्यातला सर्वांत हुशार उपाय आयोवा राज्यातील ‘आयएमसीए’ या संघटनेने लोकप्रिय केला. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने १९७९ मध्ये ‘मॉडिफाइड’ गट सुरू केला. त्यांच्या ‘क्लेम’ नियमाचे सूत्र असे की शर्यतीनंतर पात्र प्रतिस्पर्धी विजेत्याचे इंजिन ठरावीक, अगदी माफक किमतीला मागू शकतो. नकार दिला तर विजय आणि गुण जातात. ज्याने इंजिनावर त्या किमतीच्या दहापट खर्च केला, त्याला दर शनिवारी ते गमावण्याची भीती. मोजणारा कोणी नको, ब्युरेट नको. खर्च आपोआप लगामात राहतो. अर्थात सूड म्हणून इंजिन मागणे, त्यावरून वर्षानुवर्षे अबोला, हेही ओघाने आलेच.

‘प्रोटेस्ट’ हा दुसरा मार्ग. तक्रारदाराने पैसे भरायचे, इंजिन उघडायचे. दोष निघाला तर पैसे परत, नाही निघाला तर त्यातला मोठा वाटा ज्याचे इंजिन उघडले त्याला. नुसत्या संशयावर बोंब ठोकणाऱ्यांना यामुळे आळा बसतो.

तिसरा मार्ग आता सर्वत्र पसरला आहे, तो म्हणजे सीलबंद इंजिन. जनरल मोटर्सचे ‘६०२’ हे इंजिन कारखान्यातून ९.१:१ रेशो आणि ३५० अश्वशक्तीसह खोक्यात बंद येते. त्याचा थोरला भाऊ ‘६०४’ ४०० अश्वशक्तीचा. दोन्हींवर असे बोल्ट असतात की ते छेडल्याशिवाय इंजिन उघडता येत नाही. तपासनीसाने फक्त बोल्ट बघायचे. पण मग बोल्टांशीच खेळ सुरू झाले. त्यामुळे ‘आयएमसीए’सारख्या संघटनांनी क्रमांक नोंदवलेली तारेची स्वतःची सीले आणली.

सीलबंद इंजिनाची किंमत ठाऊक असते, दुकानातून आणले की शर्यत सुरू. पण काही हंगामांनंतर ते उघडावे लागले तर मान्यताप्राप्त कारागिराकडेच न्यावे लागते. ज्याने वीस वर्षे स्वतःच्या शेडमध्ये इंजिने बांधली, त्याच्या हाताला या गटात काम उरत नाही. हौशी शर्यतींकडे अनेक जण ओढले गेले ते याच कामासाठी. म्हणून कित्येक नियमपुस्तिका आता दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतात. सीलबंद इंजिन घ्या आणि हलक्या गाडीने धावा, किंवा स्वतः बांधा आणि जादा वजन, लहान कार्ब्युरेटर किंवा आरपीएमची मर्यादा सोसा. दुसरी वाट धरणाऱ्याचे इंजिन मात्र जिंकल्यावर तपासणीत अडकते. त्याला ते थंड होईपर्यंत थांबावे लागते, मग प्लग निघतो आणि ब्युरेट येते.